बीथोवनची नववी सिम्फनी : कंठसंगीत आणि वाद्यसंगीत यांच्या सीमारेषेचा विचार

पाश्चात्त्य अभिजात संगीतातील रचनाप्रकारांची मांडणी करताना कंठसंगीत आणि वाद्यसंगीत असे दोन ठळक विभाग पाडले जातात. ऑपेरा, ऑरेटोरिओ, कॅन्टाटा, मास हे एका बाजूस. सिम्फनी, कॉन्चेर्टो, सोनाटा, स्ट्रिंग क्वार्टेट हे दुसऱ्या बाजूस. अध्यापनाच्या दृष्टीने ही विभागणी सोयीची आहे, यात शंका नाही. परंतु 'कोण गातो आणि कोण वाजवतो' एवढ्याच निकषावर ती उभी केली, तर काही श्रेष्ठ कलाकृतींपुढे ती अपुरी ठरते. ७ मे १८२४ रोजी व्हिएन्ना येथे प्रथम सादर झालेली बीथोवनची नववी सिम्फनी ही अशीच एक कलाकृती होय.

या सिम्फनीचे पहिले तीन भाग केवळ वाद्यवृंदासाठी आहेत. चौथ्या भागात चार एकलगायक आणि वृंदगायक शिलरच्या आनंदविषयक कवितेतील निवडक कडवी गातात. या वस्तुस्थितीवरून रिचर्ड वाग्नरने १८४९ मध्ये असा निष्कर्ष काढला की, वाद्यसंगीताची शक्ती येथे संपली आणि त्याला शब्दाचा आश्रय घ्यावा लागला. हा निष्कर्ष त्याच्या स्वतःच्या संगीतनाट्याला पूरक होता, हे विसरून चालणार नाही. उलटपक्षी, हान्सलिकने १८५४ मध्ये शब्दविरहित वाद्यसंगीत हेच शुद्ध संगीत होय, असे प्रतिपादन केले. दोघांच्या भूमिका परस्परविरोधी असल्या तरी शब्द आणि वाद्य यांना प्रतिस्पर्धी मानण्याबाबत मात्र त्यांचे एकमत दिसते. प्रत्यक्ष स्वरलेखन या गृहीतकाला दुजोरा देत नाही.

चौथ्या भागाच्या प्रारंभी एक कर्कश, विसंवादी आघात होतो आणि लगेच चेलो व डबल बेस ही खर्जातील तंतुवाद्ये 'रेसिटेटिव्ह' वाजवू लागतात. रेसिटेटिव्ह हा मूळचा ऑपेरातील प्रकार. इ. स. १६०० च्या सुमारास इटलीत तो रूढ झाला. बोलण्याच्या लयीला जवळ जाणारे, संवाद व कथानक पुढे नेणारे ते गायन असते. म्हणजे येथे माणसाचा कंठ ऐकू येण्यापूर्वीच कंठसंगीताचा प्रकार अवतरतो, आणि तोही शब्दाविना. असा प्रयोग अगदीच नवा नव्हता. हायडनने १७६१ मधील आपल्या सातव्या सिम्फनीत व्हायोलिनला रेसिटेटिव्ह दिले होते. खुद्द बीथोवनच्या ११० व्या ओपसच्या पियानो सोनाटातही ते आढळते. मराठी वाचकाला येथे सतारीच्या 'गायकी अंगा'ची आठवण होणे स्वाभाविक आहे. परंतु तेथे वाद्य गाण्याचे अनुकरण करते, येथे ते बोलण्याचे करते. नवीन आहे ते या बोलण्याचे प्रयोजन. आधीच्या तिन्ही भागांच्या स्मृती एकामागून एक येतात आणि खर्जातील वाद्ये त्यांना मध्येच तोडतात. जणू संगीतच संगीताचे परीक्षण करीत आहे! अखेर सुषिर वाद्ये आनंदाच्या धुनेची चाहूल देतात, तेव्हा नकाराचा सूर मावळतो. मग तीच खर्जातील वाद्ये कोणत्याही साथीशिवाय, अत्यंत हळू आवाजात ती धून संपूर्ण वाजवतात. हळूहळू इतर वाद्ये सामील होऊन ती सर्व वाद्यवृंदात पसरते.

यानंतर प्रथमच मनुष्याचा आवाज येतो. पूर्वीचे सूर सोडून अधिक आनंददायी सूर आळवण्याचे आवाहन बॅरिटोन गायक करतो. हे शब्द शिलरचे नसून बीथोवनचे आहेत. त्याहून महत्त्वाचे हे की, त्या शब्दांना दिलेली स्वरावली वाद्यांच्या रेसिटेटिव्हमधून घेतलेली आहे. त्यामुळे शब्दाने वाद्यसंगीताची उणीव भरून काढली, हे वाग्नरचे म्हणणे टिकत नाही. वाद्यांनी आधीच केलेल्या विधानाला गायक शब्दरूप देतो, इतकेच.

सीमारेषा दुसऱ्या बाजूनेही ओलांडली गेली आहे. पुढील दुहेरी फ्यूगमध्ये वृंदातील सोप्रानो गायिकांना तारसप्तकातील 'ए' हा स्वर इतका दीर्घकाळ धरावा लागतो की तेथे शब्दोच्चार जवळजवळ लोपतो. तो स्वर ट्रम्पेटच्या दीर्घ स्वराइतका अविचल ठेवण्याची अपेक्षा आहे. व्हेर्दीसारख्या कंठसंगीताच्या जाणकाराला या भागाचे गायनलेखन सदोष वाटले, ते अकारण नव्हे. गायकांच्या श्वासाचा विचार येथे कमी झाला आहे, हे मान्य करावे लागेल. बीथोवनच्या बहिरेपणाचे कारण पुढे करणे मात्र सुलभीकरण ठरेल. वाद्यांना बोलावयास लावणारा रचनाकार कंठाला वाद्यासारखा वापरतो, तेव्हा त्यामागे एकच दृष्टी असते. गायकांना पडणारे कष्ट ही तिची किंमत आहे.

सिम्फनीचा शेवटही या संदर्भात पाहण्याजोगा आहे. वृंदगायन थांबते आणि अंतिम द्रुतगती आवर्तने केवळ वाद्यवृंद वाजवतो. व्यासपीठावरील सर्व गायक त्या वेळी स्तब्ध उभे असतात.