'अँड पार्टी'

कव्वालीच्या जुन्या रेकॉर्डवर मुख्य गायकाच्या नावापुढे दोन शब्द बहुधा छापलेले असत. इस्माईल आझाद अँड पार्टी, अजीज नाजां अँड पार्टी. कव्वालीवर आपल्याकडे जे थोडेफार लिहिले जाते ते दर्ग्याच्या, समाच्या कव्वालीवर. मुंबईच्या स्टेजवरची कव्वाली 'बाजारी' ठरवून बाजूला सारली जाते. कौतुक झालेच तर एका आवाजाचे होते. 'अँड पार्टी'कडे कोणी वळत नाही. माझ्या मते या कव्वालीचा अर्धा जीव त्या दोन शब्दांत आहे.

हमनवा म्हणजे मागे बसून टाळ्या वाजवणारी माणसे, असा समज आहे. मुख्य कव्वाल शेर म्हणतो, पहिला मिसरा दोन-तीनदा फिरवतो, श्रोत्यांना ताटकळत ठेवतो. दुसरा मिसरा पडला की हमनवा अस्ताई उचलून धरतात. तेवढ्या वेळात कव्वाल श्वास घेतो, मैफलीचा रंग पाहतो, आता कोणती गिरह लावायची हे ठरवतो. हमनवा अर्धा क्षण उशिरा आले तर शेर जमिनीवर पडतो. ढोलक, हार्मोनियम आणि आपल्या मुंबईचा लाडका बेंजो यांचेही तसेच. हे सगळे एकमेकांच्या अंगवळणी पडलेले असावे लागते, आणि त्याला वर्षे जातात.

या पार्ट्या एकमेकींपासून तुटलेल्या नव्हत्या. १९५८ च्या 'अल हिलाल' चित्रपटात इस्माईल आझाद यांची 'हमें तो लूट लिया' गाजली. शेवन रिझवींची शायरी, बुलो सी. रानींचे संगीत. मुंबईत जन्मलेले अजीज नाजां (१९३८–१९९२) तरुणपणी याच इस्माईल आझादांच्या पार्टीत साथ करून शिकले. पुढे त्यांनी स्वतःची पार्टी उभी केली. शंकर-शंभू, जानी बाबू, युसूफ आझाद, रशीदा खातून, भोपाळहून आलेल्या शकीला बानो ही त्याच आसपासच्या काळातली नावे. आज एकाच मंचावर शेजारी, उद्या समोरासमोर. दोस्ती आणि चुरस यांत इथे फारसे अंतर नव्हते.

'चढता सूरज' नीट ऐका. तिचा विषय नवा नाही. सिकंदर रिकाम्या हातांनी गेला, नामवंत मातीत मिळाले, हे उर्दू शायरीने शेकडो वेळा सांगितले आहे. मग ती अंगावर का येते? शब्द सांगतात की सूर्य हळूहळू ढळतो. लय मात्र हळू नाही, ती पुढे ढकलत राहते. अजीज नाजां एकेका उदाहरणावर चढत जातात, आवाज ताणतात, आता हा माणूस जिंकलाच असे वाटते, आणि हमनवा त्याच ढळत्या सूर्यावर परत आणून सोडतात. एकटा गायक हे करू शकला नसता. त्याने उभारायचे आणि इतरांनी उतरवायचे, अशी ती वाटणी आहे.

मुकाबल्याची सगळीच बाजू मला पटते असे नाही. १९७२ च्या 'पुतलीबाई'मधला युसूफ आझाद आणि रशीदा खातून यांचा सामना खूप चालला. पण पुढे स्त्री-पुरुषांच्या टोमण्यांचा साचाच पडला. एकाने बेवफा म्हणायचे, दुसरीने बेशरम. टाळी मिळते, शेर मिळत नाही. तरीही मुकाबल्याची मूळ अट अवघड आहे, हे विसरता येत नाही. समोरच्याने ज्या जमिनीत, ज्या रदीफ-काफियात सवाल टाकला, त्यातच उत्तर द्यायचे, तेही हजारोंसमोर. आपल्या मराठी मुलखाला हे परके नाही. कलगी-तुऱ्याचे सवाल-जवाब इथलेच. सगनभाऊंसारखा मुसलमान शाहीर त्याच फडांच्या जगातला. कोकणातला शक्ती-तुरा चाकरमान्यांबरोबर मुंबईच्या नाट्यगृहांत पोहोचला. भीमजयंतीच्या मंचावर कव्वालीचे सामने रंगले, आणि प्रल्हाद शिंदे यांच्यासारखा अस्सल मराठी गळा कव्वालीही गात होता.

सगळ्यात मोठी उपेक्षा मात्र शायराची झाली. पार्टीत तो स्टेजवर बसत नाही, पण पार्टीचा दाणागोटा तोच पुरवतो. 'चढता सूरज' लिहिणारे कैसर रत्नागिरवी. १९७४ च्या 'फाइव्ह रायफल्स'मधली 'झूम बराबर झूम' लिहिणारे नाजां सोलापुरी. नावांतच गाव आहे. रत्नागिरी आणि सोलापूर. उर्दूच्या इतिहासकारांनी यांना 'कव्वालीचे शायर' म्हणून उंबऱ्याबाहेर ठेवले. मराठीवाल्यांनी ते उर्दूत लिहितात म्हणून पाहिले नाही. आणि आपण, जे दोन्ही भाषांत वावरतो, त्यांनी तरी काय केले? मुस्लिम मराठी साहित्याच्या चर्चांत ही नावे माझ्या कानावर आलेली नाहीत.

उर्दू शाळेत रदीफ-काफिया शिकवताना फळ्यावर गालिब लिहिला की मुले गप्प होतात. 'चढता सूरज' म्हटले की शेवटच्या बाकावरचा मुलगाही काफिया सांगतो. २०१७ मध्ये 'इंदू सरकार' चित्रपटात अजीज नाजांचे चिरंजीव मुजतबा यांनी ती पुन्हा गायली, त्यामुळे चाल या मुलांच्याही ओठांवर आहे. शायर कोण, असे विचारले की उत्तर येते – अजीज नाजां.