जीर्णोद्धार कशास म्हणावें ?

ता. २५ एप्रिल २०१५ रोजीं नेपाळांत ७·८ प्रतीचा भूकंप झाला. सुमारें नऊ हजार माणसें दगावलीं आणि काठमांडूच्या खोऱ्यांतील शेंकडों देवळें, मठ व धर्मशाळा कोसळल्या. अशा प्रसंगीं आधीं माणसें वांचवावयाचीं, याविषयीं दुमत नाहीं. परंतु जखमी उचलल्यावर ढिगाऱ्याचें काय करावें, हा प्रश्न इतिहासाच्या अभ्यासकाचाहि आहे. त्याला तेथें जीं निरनिराळीं उत्तरें देण्यांत आलीं, त्यांचें परीक्षण करण्याचा येथें हेतु आहे.

प्रथम काष्ठमंडप घेऊं. काठमांडू हें नांवच या वास्तूवरून पडलें. ही सर्व वास्तु एकाच वृक्षाच्या लांकडाची, अशी दंतकथा आहे. इ. स. ११४३ च्या एका हस्तलिखितांत तिचा उल्लेख येत असल्यामुळें ती बाराव्या शतकांतील मानीत. भूकंपाच्या वेळीं तेथें रक्तदानाचा कार्यक्रम चालू होता; जमलेल्यांपैकीं कित्येक तेथेंच गाडले गेले. तेव्हां ती कां पडली, हा प्रश्न केवळ पुराणवस्तुप्रेमाचा उरत नाहीं.

‘जुनें लांकूड, मातीचा दर्जा, पडणारच’ असा निवाडा कोणीहि सहज दिला असता. पण नेपाळचें पुरातत्त्व खातें व डरहॅम विद्यापीठ यांनीं पाया उकरून पाहिला, तों निराळेंच निघालें. पाया शाबूत होता. त्याची रचना नऊ कोष्ठकांच्या मंडलाची होती. आणि त्याचा काळ सातव्या शतकाच्या सुमारास जातो. चार मुख्य स्तंभांपैकीं ईशान्येकडील स्तंभाखालीं मात्र बैठकीचा दगडच नव्हता. म्हणजे दोष बांधणाऱ्याकडे न जातां मागाहून सांभाळणाऱ्यांकडे जातो. हें कळलें तें उत्खननामुळें. उलट, वरचा ढिगारा बुलडोझरनें घाईघाईनें ओढला गेल्यामुळें सांधे कोठें व कसे निखळले याचा पुष्कळसा पुरावा कायमचा नष्ट झाला. कागद फाडून टाकल्यावर मजकुराबद्दल वाद घालण्यासारखेंच हें झालें.

दुसरें उदाहरण राणीपोखरीचें. राजा प्रताप मल्ल यानें पुत्रनिधनानें शोकाकुल झालेल्या राणीच्या सांत्वनार्थ इ. स. १६७० मध्यें हें तळें बांधिलें. भूकंपानंतर २०१६ मध्यें दुरुस्तीस आरंभ झाला, तो सिमेंट-काँक्रीटनें. तळें म्हणजे पाण्याचा हौद, अशी यामागील समजूत दिसते. वास्तविक तळाची काळी चिकणमाती, पाण्याची आवक व जमिनींतील झिरप यांचा मेळ म्हणजेच तळें. तो मोडून दगड जुने ठेविले, तरी वारसा राखला असें होत नाहीं. नागरिकांनीं विरोध केल्यामुळें तें काम थांबलें, आणि वीट, चुना व सुरखी यांनीं २०२० मध्यें तें पुरें झालें. काष्ठमंडपहि लोकांच्या पुढाकारानें जुन्या पद्धतीनेंच २०२२ मध्यें पुनश्च उभा राहिला.

धरहरा मनोऱ्याची गोष्ट वेगळी. १९३४ व २०१५ अशा दोन्ही भूकंपांत तो पडला. २०२१ मध्यें उद्घाटन झालेला मनोरा काँक्रीटचा आहे. नवी इमारत बांधण्यास आमचा आक्षेप नाहीं. पण तीस जीर्णोद्धार म्हणणें शब्दाचा दुरुपयोग होय. जें जीर्ण झालें त्याचा उद्धार तो जीर्णोद्धार. त्याच्या जागीं दुसरें आणणें हा नव्हे.

जुन्या पद्धतीचा कैवार घेणाऱ्यांसहि एक गोष्ट सांगणें प्राप्त आहे. काष्ठमंडपास सालवृक्षाचे प्रचंड सोट लागतात, आणि तसा वृक्ष एका पिढींत तयार होत नाहीं. पुढील भूकंप तर येणारच. तेव्हां आज रान राखलें नाहीं, तर उद्यां सुतार असून लांकूड नसेल. मग काँक्रीटवाल्यांस नांवें ठेवण्याचा अधिकार आम्हांस राहणार नाहीं. वास्तु आणि वन यांचीं खातीं सरकारदरबारीं वेगळीं असोत. वास्तूच्या आयुष्यांत तीं वेगळीं नाहींत.

सारांश, आपत्तीनंतर पडलेल्या वस्तूची प्रथम साक्ष घ्यावी, मग ढिगारा हलवावा, आणि बांधकामाचा आराखडा त्यानंतर काढावा. हा क्रम उलटला, कीं भूकंपानें जें राखलें होतें तेंहि आपल्याच हातून जातें.