'अ ब्यूटिफुल माइंड' : भास दिसतो, भ्रम दिसत नाही

तीव्र मनोविकारांविषयी वरच्या वर्गांत बोलताना 'अ ब्यूटिफुल माइंड'चा आधार घ्यावासा वाटतो. रॉन हॉवर्ड यांचा २००१ सालचा हा ऑस्करविजेता चित्रपट गणितज्ञ जॉन नॅश यांच्या आयुष्यावर बेतलेला आहे. त्याचे मोठे यश असे, की बराच वेळ नॅशचा खोलीतला सोबती चार्ल्स आपल्यालाही खराच वाटतो. रुग्णाला भास आणि वास्तव यांत फरक का करता येत नाही, हे व्याख्यानापेक्षा यातून चांगले कळते.

अडचण पुढे आहे. खऱ्या नॅश यांना अशी माणसे दिसत नव्हती. १९५९च्या सुमारास, वयाच्या तिशीत, त्यांना वाटू लागले की वर्तमानपत्रातून आपल्याला सांकेतिक निरोप येत आहेत. हा भास नव्हे, भ्रम. नसलेले दिसणे किंवा ऐकू येणे म्हणजे भास. विरुद्ध पुरावा समोर असूनही न ढळणारी चुकीची समजूत म्हणजे भ्रम. पुढे त्यांना आवाजही ऐकू येऊ लागले. स्किझोफ्रेनियात दृश्य भासांपेक्षा आवाजांचे भासच अधिक आढळतात. पण पडद्यावर माणूस दाखवता येतो, समजूत दाखवणे कठीण. म्हणून इथे भ्रमालाच हातपाय फुटले आहेत. बोलणे आटणे, कशातच रस न उरणे ही लक्षणेही खुद्द आजाराची असू शकतात. चित्रपटात ती मुख्यतः औषधांचा परिणाम म्हणून येतात.

चित्रपटातली लहान मुलगी कधीच मोठी होत नाही, हे ध्यानात येताच नॅशला सत्य उमगते. खऱ्या नॅश यांनीही भ्रम विचारपूर्वक नाकारले, पण हळूहळू, वर्षानुवर्षांत. एका युक्तिवादाने भ्रम जात नाही. रुग्णाशी वाद घालून तर नाहीच.

१९९४च्या प्रसंगात नॅश नवी औषधे घेत असल्याचे सांगतो. वास्तवात १९७०नंतर त्यांनी ती घेतली नव्हती. हा बदल सद्हेतूने केला असावा, कारण औषधे सोडल्यास बहुतेकांचा आजार उलटण्याचा धोका वाढतो. तरी विद्यार्थ्यांना दोन्ही गोष्टी सांगाव्यात.

हा आजार बहुधा किशोरवयाच्या अखेरीस किंवा विशीत सुरू होतो, म्हणजे आपल्या वर्गाच्या उंबरठ्यावरच. मुलगा एकलकोंडा झाला, अभ्यास अचानक घसरला, सगळे आपल्याविरुद्ध आहेत असे म्हणू लागला, तर यातल्या एखाद्या खुणेवरून निदान करू नये. पण पालकांशी बोलून मनोविकारतज्ज्ञाकडे जाण्यास जरूर सुचवावे. चित्रपट अवश्य दाखवा, मात्र चार्ल्स दिसण्याची वाट पाहू नका.