जुन्या घराचा सांधा : चिंचवड-चाकण परिसरातील सुतारकामाचा एक विचार

वाड्यांविषयी मराठीत जे लेखन झाले आहे त्याचे दोन प्रकार ठळकपणे दिसतात. एकात वाडा हा स्मरणाचा विषय असतो. ओटी, माजघर, देवघर, परसातील विहीर यांच्या उल्लेखाने एक हरवलेले कुटुंब उभे केले जाते. दुसऱ्यात तो शैलीचा विषय असतो. सुरूच्या आकाराचे खांब, केळफुलाची नक्षी, महिरपी यांची नोंद होते व त्यावरून काळ ठरविला जातो. या दोन्ही प्रकारांत घर बांधणारा आणि पुढे पिढ्यान् पिढ्या ते दुरुस्त करणारा सुतार जवळजवळ अदृश्यच राहतो. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या १९१५ च्या 'गांव-गाडा' या ग्रंथात तो भेटतो, पण बलुतेदार म्हणून. बलुत्याचा संबंध मुख्यत्वे नांगर, कुळव, पाभर यांच्याशी. घरकामाची मजुरी बहुधा निराळी ठरत असे. त्यामुळे गावगाड्याच्या हिशेबातही घराचे सुतारकाम कडेलाच पडले.

ही उणीव केवळ तपशिलाची नाही. वाड्याची रचना समजून घ्यावयाची तर नक्षीपेक्षा सांध्याकडे पाहावे लागते. खण हे या घराचे माप. दगडी तळखड्यावर खांब, खांबावर हस्त, त्यावर तुळई, तुळईवर कडीपाट, असा भार खाली उतरतो. भिंत मातीची वा विटांची असली तरी सांगाडा लाकडाचाच असतो. खांबाच्या टोकाला काढलेले कुसू तुळईच्या भोकात बसते. खिळ्याचे काम फारसे पडतच नाही. लाकूड लांबीत जवळजवळ आकसत नाही, पण आडव्या अंगाने ऋतूप्रमाणे फुगते आणि आकसते. सांध्यात ही हालचाल सामावते. शिवाय तो उकलता येतो. खांबाचा पाय ओलीने वा वाळवीने गेला, तर तुळईला टेकू देऊन तेवढाच भाग कापून नवा जोडता येतो. घर न पाडता घराचा अवयव बदलण्याची ही सोय मूळ योजनेतच असते. माझ्या मते या स्थापत्याचा खरा पराक्रम येथे आहे, महिरपीत नाही.

या दृष्टीने पुण्याच्या विश्रामबाग वाड्याकडे पाहावे. दुसऱ्या बाजीरावाने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी बांधविलेल्या या वाड्याचा काही भाग १८७९ च्या आगीत जळाला आणि पुढे लोकवर्गणीतून तो पुन्हा उभारला गेला. म्हणजे ज्याला आपण पेशवेकालीन म्हणून गौरवितो त्यातही नंतरच्या कारागिरांचा हात आहे. ही गोष्ट कमीपणाची मानण्याचे कारण नाही. लाकडी वास्तू अशीच जगते. परंतु आपली 'जीर्णोद्धार' ही संज्ञा एकदाच होणाऱ्या समारंभाची कल्पना मनात आणते. दुरुस्ती ही नित्याची गोष्ट आहे हे तिच्यात येत नाही.

चिंचवडकडे वळल्यावर प्रश्न अधिक कठीण होतो. येथील मंगलमूर्ती वाड्याला देवस्थानाचा आधार आहे आणि चापेकर वाडा क्रांतिकारकांचे स्मारक म्हणून सांभाळला जातो. पण स्मरणीय पुरुष ज्या घरात जन्मला नाही, देव ज्या घरात बसला नाही, अशा गावठाणांतील साध्या घरांचे काय? पावसाळ्याच्या तोंडावर धोकादायक इमारतीची नोटीस येते, भाऊबंदांत एकमत नसते, आणि दुरुस्तीपेक्षा पाडणे सोपे ठरते. अनेकदा धोका आधीच्या चुकीच्या दुरुस्तीनेच वाढविलेला असतो. खांबाच्या पायाभोवती सिमेंट भरले की ओल आत कोंडते आणि बाहेरून भक्कम दिसणारा खांब आतून कुजतो. लोखंडी पट्ट्या ठोकून आवळलेला सांधा हलू शकत नाही, म्हणून शेजारचे लाकूड चिरते.

मग जाणता सुतार गेला कोठे? १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली, १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, १९६६ पासून टेल्को येथे आली. ओतकामाला साचे लागतात आणि त्यासाठी लाकडी पॅटर्न. ओतीव लोखंड थंड होताना सुमारे शेकडा एक आकसते, तेवढे माप पॅटर्नमध्ये आधीच वाढवून धरावे लागते. लाकडाच्या आकुंचनाचा अंदाज ज्याच्या हातात मुरला आहे त्याला हे गणित परके नव्हते. पगार नियमित होता, पावसाळ्यात काम थांबत नव्हते. कारखान्याने कारागीर पळविला असा गळा काढणे मला अप्रामाणिक वाटते. गावाने त्याला तसा पगार कधी देऊ केला होता?

आज चाकणच्या कारखान्यांत यंत्रे पाइनच्या खोक्यांतून येतात. परदेशातून आलेल्या खोक्यांवर उष्णतेची प्रक्रिया झाल्याचा शिक्का असतो. हे लाकूड भंगारातून स्वस्तात मिळते, त्याचे टेबल व कपाट उत्तम होते. पण तीच फळी जुन्या कडीपाटात सागाच्या जागी बसविणे हे निराळे प्रकरण आहे. वाळवीपुढे ती सागासारखी टिकत नाही, शिवाय भाराचा हिशेब बदलतो. पाडलेल्या घराचे सागवान दुरुस्तीस अधिक योग्य. मात्र ते बहुधा शहरातील उपाहारगृहाच्या शोभेला जाते.

आपल्या विभागांतील प्रबंधांत वाड्याचा आराखडा असतो, सांध्याचे रेखाटन क्वचितच. घर पाडले जात असताना सांधे उकललेले असतात. अभ्यासकाला एरवी न दिसणारी जागा त्या चार-सहा दिवसांत दिसते. खणाचे माप, लाकडाची जात, कुशीची जाडी, आधीच्या जोडांच्या खुणा, आणि जवळ कोणी वृद्ध मिस्त्री असेल तर त्याच्या तोंडचे प्रत्येक भागाचे नाव, एवढे तरी तुळया वखारीत जाण्यापूर्वी टिपून घ्यावयास हवे.