वारसाच्या नोंदीतील आई

मराठी ऐतिहासिक वाङ्मयात पुत्रजन्माचे प्रसंग पुष्कळ आहेत. प्रसूतीचे मात्र फारच थोडे. साखर वाटली जाते, वारस निश्चित होतो आणि लेखक पुढील राजकारणाकडे वळतो. घरापासून दूर, अकल्पित जागी प्रसूत झालेली किंवा पोटचे मूल गमावलेली आई त्या लेखनात एखाद्या वाक्यापुरतीच येते. त्या एका वाक्याचाच विचार आम्हांस येथे करावयाचा आहे. त्यासाठी पवारांच्या दोन राजधान्या, धार आणि देवास, यांपुरतीच आम्ही मर्यादा घालून घेतली आहे.

नारायणराव पेशव्यांच्या १७७३ मधील वधानंतर 'ध'चा 'मा' केल्याच्या आख्यायिकेने आनंदीबाईंना मराठी मनात कायमचे जखडून ठेवले. खाडिलकरांच्या 'भाऊबंदकी'सारख्या नाटकांनी ती प्रतिमा रंगभूमीवर दृढ केली. पण त्यानंतर दीड वर्षाच्या आतच, पती राघोबादादा गुजरातेकडे गेले असता, हीच स्त्री गरोदरपणी धारच्या किल्ल्यात आश्रयास राहिली होती. औरस पुत्र नसल्याने अमृतरावांस दत्तक घेऊन झालेले होते. अशा स्थितीत जानेवारी १७७५ मध्ये तिला तेथे पुत्र झाला. तोच दुसरा बाजीराव. वाङ्मयास तिचे एक अक्षर पुरले, तिचे बाळंतपण दिसले नाही.

याच धारमध्ये १८०७ साली आनंदराव पवार वारले, तेव्हा त्यांच्या पत्नी मैनाबाई गरोदर होत्या. काही इंग्रजी लेखनात त्यांचे नाव मीनाबाई असे येते. घराण्यातील अनौरस दावेदार मुरारराव गादीवर टपलेला होता. त्यामुळे मैनाबाईंनी धार सोडून मांडू गाठले आणि तेथे रामचंद्ररावांचा जन्म झाला. पुढे त्या धारला परतल्यावर मुराररावाने त्यांची कोंडी केली. तेव्हा त्यांनी एका शेतकऱ्याच्या मुलाशी अदलाबदल करून आपले मूल गुपचूप किल्ल्यात पोहोचविले आणि आपल्या जिवाची पर्वा न करता किल्ला लढविण्याविषयी किल्लेदारास कळविले. बडोद्याहून गायकवाडांची कुमक आली आणि मुराररावाचा डाव फसला. हा वृत्तांत सर जॉन मालकमच्या १८२३ च्या मध्य हिंदुस्थानविषयक ग्रंथात आहे, आणि त्यात मैनाबाईंविषयीचा आदर स्पष्ट दिसतो.

परंतु एवढ्या जिवावरच्या संकटातून वाचविलेले ते मूल अल्पवयातच वारले. येथे वृत्तांताची गती एकाएकी वाढते. मृत्यूची नोंद होते न होते तोच शिंदे-होळकरांची संमती येते, मैनाबाई बहिणीच्या मुलास दत्तक घेतात आणि संस्थान वाचते. दत्तकाचे नावही रामचंद्रच. इतिहासकार या नामकरणाकडे गादीच्या सातत्याचा उपाय म्हणून पाहील, आणि ते चूकही नाही. मात्र साहित्याच्या वाचकाने येथे थांबले पाहिजे, असे आम्हांस वाटते. जी आई आता दुसऱ्या मुलास त्याच नावाने हाक मारणार, तिच्या दृष्टीने ते नाव केवळ राजनीती असू शकत नाही. या एका नावात एका कादंबरीचा ऐवज आहे.

आणखी एक आई या कथेत आहे. तिची गणती मालकमनेही केली नाही आणि आपणही करीत नाही. राजपुत्राच्या जागी ज्या शेतकऱ्याचे मूल संकटाच्या तोंडी ठेवले गेले, त्या मुलाच्या आईचे काय? पन्नादाईची कथा आपण स्वामिनिष्ठेची म्हणून सांगतो. पण पन्नेस निदान नाव आहे. धारच्या या स्त्रीस तेही नाही. मैनाबाईंचे शौर्य गाताना हा हिशेब डोळ्यांआड करणे उचित नव्हे.

बखर किंवा राजकीय वृत्तांत हा अशा गोष्टी सांगण्यासाठी नसतोच, असा आक्षेप येथे घेतला जाईल. शासकीय सेवेत आयुष्य गेल्यामुळे आम्हांस तो आक्षेप समजतो. वारसनोंदीच्या फेरफारात आईच्या शोकासाठी रकाना नसतो. परंतु दप्तराचा नियम साहित्याने का पाळावा? आनंदीबाई जोशी यांचे पहिले मूल दहा दिवसांत गेले, तेव्हा त्या अवघ्या चौदा वर्षांच्या होत्या. १८८६ साली फिलाडेल्फियात त्यांनी वैद्यकीय पदवी मिळविली, तेव्हा प्रबंधाचा विषय निवडला तो प्रसूतिशास्त्राचा. लक्ष्मीबाई टिळकांनी 'स्मृतिचित्रे'मध्ये संसारातील मृत्यू हातचे न राखता सांगितले. भाषेस सामर्थ्य नव्हते असे मुळीच नाही; विचारणारे कमी पडले.

ही सवय जुन्या संस्थानी वृत्तांतांबरोबर संपली, असेही म्हणता येत नाही. कुमार गंधर्व १९४८ मध्ये क्षयाच्या आजारामुळे कोरड्या हवेच्या देवासला आले. त्यांचे सक्तीचे मौन, त्या काळात कानांवर पडलेली माळव्याची लोकगीते आणि त्यांचे पुनरागमन यांवर आपल्याकडे विपुल लिहिले गेले. त्या वर्षांत शिक्षिकेची नोकरी करून घर सांभाळणाऱ्या आणि शुश्रूषा करणाऱ्या भानुमतीबाई १९६१ मध्ये दुसऱ्या मुलाच्या बाळंतपणात गेल्या. बहुतेक लेखांत ही घटना दोन सांगीतिक पर्वांमधील एक दुवा म्हणून येते. देवासच्या त्या घराच्या 'भानुकुल' या नावात मात्र त्यांचे नाव टिकून आहे. कधीकधी दारावरची पाटी चरित्रकारापेक्षा अधिक जाणती असते.

धार-देवासच्या मराठी साहित्यसंपदेची मोजदाद करताना आपण सनदा, बखरी आणि बंदिशी मोजतो. आमची सूचना एवढीच की, प्रत्येक वारसाच्या नोंदीपाशी क्षणभर थांबून दोन प्रश्न विचारावेत: हे मूल कोठे, कोणत्या अवस्थेत जन्मले, आणि त्यापूर्वी वा त्यानंतर त्याच्या आईने काय गमावले? उत्तर नेहमी मिळेल असे नाही. पण हे प्रश्न न विचारता लिहिलेला इतिहास घराण्याचा असेल, घराचा नव्हे.