मूल्यं कोण मोजणार? ख्रिस्ती मूल्यांवरच्या ऑनलाइन कोचिंग मास्टर्सबद्दल

वसई-विरारकडच्या बी.एस्सी. किंवा बी.पी.एड. झालेल्या मुलामुलींकडून हल्ली एक प्रश्न येतो. अमेरिकेतल्या एखाद्या ख्रिस्ती विद्यापीठाची क्रीडा प्रशिक्षणातली मास्टर्स घरबसल्या करावी का? नोकरी सोडावी लागत नाही, विरार लोकलची रोजची धक्काबुक्की टळते, संध्याकाळी पॅरिशच्या किंवा शाळेच्या मैदानावर मुलांना शिकवणं चालू ठेवता येतं आणि पुढे पीएच.डी.ची वाटही मोकळी होते, असा साधारण हिशोब असतो. यातला शेवटचा मुद्दा आधी तपासू, कारण इथे वाचणाऱ्या बहुतेकांना संशोधनाकडेच जायचं आहे.

भारतात अशी पदवी ऑनलाइन मिळणारच नाही. यूजीसीने जे विषय दूरशिक्षण आणि ऑनलाइन पद्धतीने शिकवायला मनाई केली आहे, त्या यादीत अभियांत्रिकी, वैद्यक, विधी यांच्याबरोबर क्रीडा हा विषयही आहे. राहिली परदेशी पदवी. तिच्या समकक्षतेसाठी यूजीसीचे 2025 चे नवे नियम आहेत. 2022 च्या पीएच.डी. नियमांप्रमाणे प्रवेशाला मास्टर्समध्ये किमान 55 टक्के लागतात (राखीव प्रवर्गांना पाच टक्क्यांची सवलत), आणि तीन वर्षांच्या पदवीनंतर केलेली मास्टर्स दोन वर्षांची असावी लागते. आपल्याकडे अजून बहुतेकांची पदवी तीन वर्षांचीच आहे, आणि अमेरिकेतल्या अशा काही मास्टर्स वर्षा-दीड वर्षात संपतात. म्हणजे पैसे भरायच्या आधीच समकक्षतेचं काय, हे विद्यापीठाला आणि जिथे पीएच.डी. करायची त्या विभागाला लेखी विचारून घ्यायला हवं. फोनवरचं ‘हो हो, चालतं’ धरू नका.

आता खरा मुद्दा. ‘ख्रिस्ती मूल्यं’ हे शब्द बघून काही जण नाकं मुरडतात, काही जण तेवढ्यावरच भाळतात. दोन्ही घाई आहे. खेळ आणि ख्रिस्ती शिक्षण यांचं नातं जुनं आहे. बास्केटबॉल 1891 मध्ये अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्डच्या वायएमसीए प्रशिक्षण शाळेत जन्मला आणि तो शोधणारे जेम्स नाइस्मिथ हे धर्मशास्त्राचे पदवीधर होते. त्याच स्प्रिंगफील्डमध्ये शिकलेले हॅरी क्रो बक मद्रासला आले आणि 1920 मध्ये त्यांनी वायएमसीएचं शारीरिक शिक्षण महाविद्यालय काढलं. व्हॅटिकनने 2018 मध्ये खेळावर स्वतंत्र दस्तऐवज काढला. त्यात डोपिंग, भ्रष्टाचार आणि खेळाडूच्या शरीराची होणारी हेळसांड यांवर स्पष्ट बोललं आहे. आणि मूल्यांसाठी व्यायाम ही काही फक्त चर्चची मिरास नाही. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ 1914 पासून आपल्या परीने तेच सांगत आलं आहे.

फरक एकच. मद्रासला विद्यार्थी मैदानावर उभा असायचा आणि शिक्षक त्याच्याकडे बघत असायचा.

ऑनलाइन पदवीत बघणारा कोण? उदाहरण म्हणून कॅलिफोर्नियातल्या लुथरन परंपरेच्या कॉन्कॉर्डिया विद्यापीठाची (अर्व्हाइन) कोचिंग आणि क्रीडा प्रशासनातली एम.ए. घ्या, ती ऑनलाइन करता येते. असे अभ्यासक्रम वाईट असतात असं मी म्हणत नाही. नियोजन, कायदा, क्रीडा मानसशास्त्र, संघाचं अंदाजपत्रक हे सगळं पडद्यावर नीट शिकता येतं. पण ‘मूल्याधिष्ठित कोच’ या दाव्याचं काय? ऑनलाइन शिक्षणात मूल्यमापनाचं मुख्य साधन लिखाण असतं: निबंध, चर्चेतली उत्तरं, ‘माझं कोचिंगचं तत्त्वज्ञान’ अशा धाटणीचा स्वाध्याय. म्हणजे कोचची मूल्यं आपण कोचलाच विचारतो.

ही पद्धत किती कच्ची आहे, हे जवळजवळ पन्नास वर्षांपूर्वी मोजून झालं आहे. सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात रोनाल्ड स्मिथ आणि फ्रँक स्मॉल यांनी 1970 च्या दशकात मुलांच्या बेसबॉल कोचांचा अभ्यास केला. प्रशिक्षित निरीक्षक सामन्याच्या वेळी मैदानाकडेला बसायचे आणि कोचची प्रत्येक कृती 12 प्रकारांपैकी एकात टाकायचे: चांगल्या खेळाला शाबासकी, चुकीनंतर धीर, चुकीनंतर शिक्षा, दुर्लक्ष, वगैरे. 51 कोच, पाचशेहून जास्त मुलं. मग कोचांना विचारलं, तुम्ही कसे वागता? मुलांनाही विचारलं, तुमचे सर कसे वागतात? मुलांची उत्तरं निरीक्षणाच्या जास्त जवळ निघाली. कोचांची स्वतःबद्दलची उत्तरं, शिक्षेचा प्रकार सोडला तर, निरीक्षणाशी जवळजवळ जुळलीच नाहीत.

मी प्रयोगशाळेतल्या शिस्तीत वाढलेला माणूस. मला हे असं दिसतं, की उपकरण कॅलिब्रेट न करता घेतलेलं वाचन टेबलात कितीही सुबक मांडलं तरी वाचन ठरत नाही. कोचचा निबंध हे तसं वाचन आहे. तो खोटारडा असतो म्हणून नव्हे. सामना अटीतटीचा असताना आपण कसे ओरडतो, हे ओरडणाऱ्याला ऐकूच येत नाही.

दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर टीका एकांगी होईल. कोचला शिकवून फरक पडतो. याच गटाने 1992 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात प्रशिक्षण घेतलेल्या कोचांच्या संघांतली 5 टक्के मुलं पुढच्या हंगामात गळाली. प्रशिक्षण नसलेल्यांच्या संघांत हे प्रमाण 26 टक्के होतं. नमुना छोटा, पण फरक मोठा. आणि प्रशिक्षण केवढं, तर काही तासांचं. त्यात मूल्यांवर व्याख्यान नव्हतं, वागणुकीचे ठोस नियम होते आणि आपलं वागणं आपणच नोंदवायची सवय होती. म्हणजे दोन वर्षांची पदवी आणि काही तासांची कार्यशाळा यांत मैदानावर जास्त उपयोगी काय, हा प्रश्न खुला आहे. डेव्हिड शील्ड्स आणि ब्रेंडा ब्रेडेमायर यांचं 1980 च्या दशकातलं काम इथे आवर्जून वाचावं: तेच खेळाडू रोजच्या आयुष्यातल्या पेचापेक्षा खेळातल्या पेचात जास्त आपमतलबी विचार करतात, असं त्यांना दिसलं. खेळाने चारित्र्य घडतं हे भाषणात ठीक. आपोआप घडतं, याला पुरावा मिळत नाही.

आता हे आपल्याकडे आणून बघू. नंदाखाळ, पापडी, निर्मळ, भुईगाव इथला संघ घ्या किंवा नालासोपाऱ्यातला, मुलं सगळ्या घरांतली येतात. सामन्याआधी कोचने प्रार्थना घेतली तर बिगर-ख्रिस्ती मुलाने काय करायचं? गप्प उभं राहायचं, की बाजूला जायचं? आणि बाजूला गेलं तर पहिल्या अकरात नाव लागेल का, ही शंका त्याच्या डोक्यात येणार. अमेरिकेतल्या ख्रिस्ती कॅम्पससाठी लिहिलेल्या अभ्यासक्रमात या प्रश्नाचं उत्तर आयतं मिळेल अशी अपेक्षा मी ठेवणार नाही. ते इथेच शोधावं लागेल. माझं मत असं, की मूल्य म्हणजे हरलेल्या मुलाशी कसं बोलायचं आणि पंचाची चूक आपल्या फायद्याची असेल तर काय करायचं हे असेल, तर ते कोणत्याही घरातल्या मुलाला चालतं. ते विधीवर येऊन थांबत असेल, तर पालकांची संमती आधी घ्या.

प्रवेशाच्या कार्यालयाला ईमेल लिहिणार असाल तर फीच्या आधी एवढं विचारा: प्रत्यक्ष मैदानावरचे तास किती, ते बघायला कोण येणार, ती व्यक्ती मराठी जाणते का, आणि मी शिकवत असलेल्या मुलांचं मत कुठे धरलं जातं का? उत्तरात फक्त व्हिडिओ पाठवायला सांगितलं तर समजा की कॅमेरा कुठे लावायचा हे तुम्हीच ठरवणार आहात.

ज्यांना पदवीपेक्षा प्रश्न जास्त आवडला, त्यांच्यासाठी मुंबई विद्यापीठाच्या कुठल्याही संबंधित विभागात चालेल असा प्रस्ताव यातच पडला आहे. पॅरिशशी जोडलेले काही संघ, न जोडलेले तेवढेच, वयोगट एकच. त्या 12 प्रकारांची यादी मराठीत आणायची, आणि इथेच पहिली अडचण येईल: ‘अरे गाढवा, बघून खेळ’ हे सूचनेत टाकायचं की शिक्षेत? वसईत ते कधीकधी चक्क लाडाने म्हणतात. म्हणून दोन निरीक्षकांनी एकमेकांचं न बघता नोंद करायची आणि त्यांचं किती जुळतं ते आधी तपासायचं. मुलांची प्रश्नावली कोच आसपास नसताना भरून घ्यायची. पालकांची संमती आणि नैतिकता समितीची मंजुरी जूनपर्यंत हातात हवी. जुलै-ऑगस्टमध्ये आपल्याकडची मैदानं पाण्याखाली असतात, तेव्हा निरीक्षकांना व्हिडिओवर सराव द्यायचा. प्रत्यक्ष नोंदी नोव्हेंबर ते फेब्रुवारी.