तीनशे शब्दांचा निबंध आणि दहा अश्वशक्ती

मंडळी, आपल्या रेणापूर तालुक्यात 'एचपी' हा शब्द पोचला तो मोटारगाडीमुळे नव्हे, विहिरीवरच्या मोटारीमुळे. पाचची बसवावी की साडेसातची, यावर बांधाबांधावर वाद व्हायचे. मग ट्रॅक्टर आले, तेव्हा पस्तीसचा का पन्नासचा, हे सुरू झालं. त्या वादात एक गोष्ट आधीच ठरलेली असायची, ती म्हणजे शक्ती कशासाठी हवी. पाणी किती खोल आहे, रान किती आहे, त्यावर एचपी ठरायची. आज विशीतली पोरं गाडीच्या एचपीबद्दल बोलतात तेव्हा हा 'कशासाठी' गळालेला असतो. आमचा विषय हाच आहे. पण आधी आम्ही एका निबंधावर टीका करणार आहोत.

19 मे 2024 च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरला एका भरधाव पोर्शने दुचाकीला उडवलं आणि दोन तरुण अभियंत्यांचा जीव गेला. गाडी चारशेच्या आसपास अश्वशक्तीची, तिची नोंदणीही पूर्ण झालेली नव्हती. चालवणारा अठराच्या आतला म्हणून प्रकरण बाल न्याय मंडळापुढे गेलं आणि त्याच दिवशी जामीन झाला. अटींमध्ये रस्ते अपघातांवर 300 शब्दांचा निबंध होता. देशभर संताप झाला, तो होणारच. खटल्यात काय सिद्ध होईल ते न्यायालय बघेल, त्यावर आम्ही बोलत नाही. पण संताप सगळा 'शिक्षा किती सौम्य' यावर खर्च झाला. निबंधात दडलेल्या ज्ञानाच्या कल्पनेकडे फारसं कुणी बघितलं नाही.

ती कल्पना अशी, की अपघाताबद्दल चार वाक्यं नीट लिहिता आली की माणसाला गाडीबद्दल काहीतरी कळलं. गिल्बर्ट राइल या इंग्रज तत्त्वज्ञानं 1949 साली 'द कन्सेप्ट ऑफ माइंड' या पुस्तकात 'अमुक आहे हे माहीत असणं' आणि 'अमुक करता येणं' ही दोन ज्ञानं वेगळी काढून दाखवली. पहिल्याची बेरीज कितीही केली तरी दुसरं आपोआप तयार होत नाही. आपल्याकडं हे सांगायला राइल लागत नाही, बरं का. लेकराला विहिरीत पोहायला शिकवताना आपण पाठीला डबा नाहीतर वाळका भोपळा बांधतो, कमरेला दोर लावतो आणि पाण्यात सोडतो. 'पोहण्याचे फायदे' लिहून आण म्हणत नाही.

निबंधाला हसणाऱ्यांमध्ये दुसरा एक मोठा गट होता. त्यांचं म्हणणं, 'संस्कार कमी पडले'. आमच्या मते हीसुद्धा तीच चूक आहे. समजा आपल्याच गावचा निर्व्यसनी, आईबापाच्या शब्दाबाहेर नसलेला मुलगा उसाच्या हंगामात रात्री लातूर-अंबाजोगाई रस्त्यानं ताशी 100 नं येतोय. समोर उसाची ट्रॉली उभी आहे, मागं रिफ्लेक्टर नाही. समोरून वाहनं येतायत म्हणून याचे दिवे डीपरवर, म्हणजे अंदाजे 40 मीटरपर्यंतचं दिसतं. ट्रॉली दिसून पाय ब्रेकवर जायला एक सेकंद धरा. तेवढ्यात गाडी 28 मीटर पुढं गेली. कोरड्या रस्त्यावर, चांगल्या ब्रेकनं, थांबायला आणखी 55 मीटर लागतात. एकूण 83. ताशी 60 ला हाच हिशेब साधारण 37 मीटरवर येतो आणि मुलगा वाचतो. वेग दुप्पट केला की ब्रेकचं अंतर चौपट होतं. या गणितात संस्काराला कुठं जागा आहे, दाखवा.

आता गाडी वाढवणाऱ्या पोरांकडं येऊ. त्यांना नुसतं उनाड म्हणणं आम्हाला पटत नाही. जो मुलगा रात्री गॅरेजमध्ये इंजिन खोलून बसतो, टर्बो कशी हवा दाबते ते समजून घेतो, त्याचं त्या यंत्रावर प्रेम आहे आणि ते बुद्धीचं प्रेम आहे. (त्याला नावं ठेवणाऱ्या कित्येकांनी आयुष्यात बॉनेट उघडलेलं नसतं.) आमची टीका त्याच्या क्रमावर आहे. तो आधी इंजिनाच्या संगणकात फेरफार करून ताकद वाढवतो, मग सायलेन्सर, मग मोठी अलॉय चाकं. ब्रेक मात्र कंपनीनं जुन्या ताकदीला दिलेलेच. टायर किती जुना, हे त्याच्या बाजूवरच्या शेवटच्या चार आकड्यांत लिहिलेलं असतं, आठवडा आणि वर्ष. तेही बघितलेलं नसतं. आणि रस्त्याला धरून काय असतं? चार टायरांचे तळहाताएवढे चार तुकडे, बास. ताकद दुप्पट करा नाहीतर तिप्पट, गाडी वळणार नि थांबणार ती त्या चार तुकड्यांवरच. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 कंपनीच्या मूळ रचनेत मनमानी बदल करू देत नाही. पोरांना ती सरकारची कटकट वाटते, पण त्यामागचा विचार हाच आहे, की गाडी हा एकमेकांना तोलून धरणाऱ्या भागांचा संसार असतो, एकालाच बळ दिलं की बाकीचे उघडे पडतात.

याच वयाची पोरं गाडी बांधतात आणि हाच क्रम बरोबर उलटा लावतात, अशी एक जागा आपल्या देशात आहे. बाहा एसएई इंडिया ही अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांची स्पर्धा 2007 साली मध्य प्रदेशात इंदूरजवळ पीथमपूरला सुरू झाली. खडबडीत रानात पळणारी एकट्या माणसाची गाडी पोरांनी स्वतः बांधायची. तिच्या पेट्रोल गाड्यांच्या गटात सगळ्यांना एकसारखं इंजिन देतात, सुमारे 10 अश्वशक्तीचं. म्हणजे आपल्या विहिरीवरच्या पाचच्या दोन मोटारी! त्या इंजिनाला हात लावायचा नाही. ताकदीची फुशारकी तिथंच संपली. मग डोकं चालवायचं ते सांगाड्यावर, सस्पेन्शनवर, वजनावर. आणि मुख्य शर्यतीला उतरण्याआधी तपासणी असते. पट्टे सोडून चालकाला 5 सेकंदांत बाहेर पडता आलं पाहिजे. इंजिन तोडायचं बटण आतूनही हाताला यावं आणि बाहेरच्या माणसालाही. ब्रेक दाबल्यावर चारही चाकं एकदम जाम झाली पाहिजेत. नाही झाली तर गाडी चार तासांच्या अंतिम शर्यतीत उतरत नाही, कॉलेज कितीही नावाजलेलं असो. थांबता येतं हे आधी सिद्ध करा, मग पळा. चारशे अश्वशक्तीला जे विचारलं गेलं नाही ते इथं दहा अश्वशक्तीला विचारतात, यावर आम्हाला वाटतं पुरेसा विचार झालेला नाही.

असल्या विषयावर बोलताना कठोपनिषदातलं रथाचं रूपक निघतंच. शरीर रथ, बुद्धी सारथी, मन लगाम, इंद्रियं घोडे. प्रवचनांत त्याचा अर्थ 'लगाम खेचा' एवढाच करून सोडतात. पण मूळ रूपक नीट वाचा. जाणत्या सारथ्याचे घोडे तिथं चांगले, शिकवलेले आहेत. नुसते खेचून धरलेले नाहीत. घोडा शिकवायचा तर मैदान लागतं, वेळ लागतो, शेजारी जाणता माणूस लागतो. आपण पोरांना रथ देतो नाहीतर लगामावर भाषण देतो. मैदान देत नाही.

आमचं म्हणणं फार मोठ्या ट्रॅकचं नाही. सुटीच्या दिवशी मार्केट यार्डाचं आवार रिकामं असतं. लायसन्स असलेल्या पोरांनी तिथं चार डबे मांडून, ताशी 40 वरून ब्रेक पूर्ण ताकदीनं दाबून बघावा. एबीएस असलेल्या गाडीत तेव्हा पायाखालचं पेडल थरथरतं. आयुष्यात पहिल्यांदाच ते जाणवलं की माणूस दचकून पाय उचलतो, नेमका उचलायचा नसतो तेव्हा. ही थरथर पायाला ओळखीची व्हायला एक सकाळ पुरते. गाडीची ताकद वाढवणाऱ्यानं तर आधी ब्रेक ऑइल बदलावं, टायरचं साल बघावं आणि वाढवलेल्या वेगातून किती मीटरवर थांबतो ते टेपनं मोजून भिंतीवर लिहून ठेवावं. गॅरेजमध्ये कितीची पॉवर निघाली ते लिहिलेलं असतंच, त्याच्या शेजारी.

आवार द्यायचं की नाही हे बाजार समितीनं ठरवायचं, समोर काही जाणते बसलेले दिसतायत. आता तुमचे प्रश्न घेऊ, मागच्या रांगेपासून.